मेणाचे मनोरे, रबरी कातडी आणि कापलेली रिळे : दुर्मिळ जपानी तोकुसात्सु चित्रपटांचे वेड समजून घेताना

मार्च २०२४मध्ये ‘गॉडझिला मायनस वन’ या जपानी चित्रपटाला दृश्य-परिणामांसाठीचे ऑस्कर मिळाले. या विभागात जपानी चित्रपटाला मिळालेला हा पहिलाच पुरस्कार होता. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी यांच्यासह अवघ्या ३५ जणांच्या चमूने त्यातली ६१० दृश्ये घडवली होती. ही बातमी वाचून ज्याला कुतूहल वाटले आणि ज्याने सत्तर वर्षांपूर्वीचा मूळ चित्रपट शोधून पाहिला, त्याला पहिल्या झटक्यात बहुधा गोंधळायला झाले असेल. पडद्यावर एक माणूस रबरी पोशाख घालून लाकडी घरे तुडवत चालला आहे, आणि जगभरातली शहाणीसुरती माणसे त्याच चित्रपटाचे जुने पोस्टर, विटलेले रीळ किंवा तीस वर्षांपूर्वीची तबकडी मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे शोध घेत बसतात. हे वेड नेमके कशाचे आहे, हे पायापासून समजून घ्यायला हवे, कारण त्यामागे कारागिरीचा एक मोठा इतिहास आहे आणि तो जवळजवळ हातातून निसटला होता.

तोकुसात्सु म्हणजे काय?

‘तोकुशु सात्सुएइ’ या जपानी शब्दांचा अर्थ ‘विशेष चित्रीकरण’. त्याचे लघुरूप म्हणजे तोकुसात्सु. संगणक नसलेल्या काळात छोट्या प्रतिकृती, पोशाख, तारा, दारूकाम, रंग आणि पाणी यांच्या साह्याने कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष घडवलेले चमत्कार, असा त्याचा साधा अर्थ घेता येईल. या परंपरेचे जनक एइजी त्सुबुराया. त्यांचा जन्म १९०१चा, फुकुशिमा प्रांतातल्या सुकागावा गावचा. १९३३चा ‘किंग काँग’ पाहून ते इतके भारावले, की त्याची एक प्रत मिळवून त्यांनी ती एकेक चौकट करत अभ्यासली. १९४२मध्ये पर्ल हार्बरच्या हल्ल्यावरील प्रचारपटासाठी त्यांनी बंदर, जहाजे आणि विमाने प्रतिकृतींतून उभी केली. याच कामाची किंमत त्यांना युद्धानंतर मोजावी लागली. १९४८मध्ये तोहो या चित्रसंस्थेतून त्यांना बाहेर पडावे लागले आणि अमेरिकी अंमल संपेपर्यंत त्यांना सुटी कामे करून दिवस काढावे लागले.

मग १९५४ साल उजाडले. १ मार्च रोजी बिकिनी बेटांवर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि त्याची किरणोत्सारी राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या मासेमारी बोटीवरच्या २३ जपानी खलाशांच्या अंगावर पडली. सप्टेंबरमध्ये त्या बोटीचा रेडिओचालक दगावला. ३ नोव्हेंबरला प्रदर्शित झालेला ‘गोजिरा’, म्हणजे गॉडझिला या महाकाय राक्षसाचा तो मूळ चित्रपट, समुद्रातल्या एका बोटीवर लखकन पडणाऱ्या उजेडाने सुरू होतो. तेव्हाच्या जपानी प्रेक्षकाला तो उजेड कशाचा, हे सांगावे लागले नसेल. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धातून परतताना उद्ध्वस्त हिरोशिमामधून गेले होते. हा चित्रपट भुताखेतांची करमणूक म्हणून पाहिला, तर त्याचा अर्धा अर्थ हातून जातो.

दिवाळीतला किल्ला आणि कॅमेऱ्याची उंची

प्रतिकृतींचे तंत्र समजायला आपल्याकडे एक उत्तम उदाहरण आहे. दिवाळीत अंगणात केलेला मातीचा किल्ला उभ्याने पाहिला, तर तो गुडघाभर उंचीचा ढिगारा दिसतो. पण जमिनीला गाल टेकवून, पायथ्याच्या मावळ्याच्या नजरेने वर पाहिले, की तोच किल्ला आभाळाला भिडतो. त्सुबुराया यांनी कॅमेरा असाच खाली नेला. टोकियो शहर मुख्यतः पंचविसाव्या हिश्शाच्या मापाने बांधले होते आणि प्रेक्षकाची नजर रस्त्यावरच्या माणसाच्या पातळीवर ठेवली होती.

परंतु उंची फसवता आली, तरी काळ फसत नाही, आणि खरी अडचण येथेच आहे. ४५ मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून सुटलेला दगड जमिनीवर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीच इमारत पंचविसाव्या हिश्शाची केली, तर ती १.८ मीटरची होते आणि दगड ०.६ सेकंदातच खाली येतो. म्हणून प्रतिकृती पडताना खेळण्यासारखी ‘टपकन’ पडते. यावर उपाय असा, की कॅमेरा नेहमीपेक्षा वेगाने चालवायचा आणि दाखवताना नेहमीच्या वेगाने दाखवायचा. वरच्या उदाहरणात हा वेग पाचपट हवा, म्हणजे सेकंदाला २४ऐवजी १२० चौकटी. प्रत्यक्षात कॅमेऱ्याला झेपेल तितका वेग घेतला जाई. मात्र वेग वाढला, की प्रत्येक चौकटीला मिळणारा प्रकाश कमी होतो. प्रकाश भरून काढायला जास्त दिवे लागतात. जास्त दिव्यांनी स्टुडिओ भट्टीसारखा तापतो. आणि त्या भट्टीत पोशाखातला माणूस उभा असतो.

तो माणूस म्हणजे हारुओ नाकाजिमा. पहिला पोशाख बांबू, तारा, कापड आणि रबर यांचा, वजनाला सुमारे १०० किलो आणि इतका ताठ, की त्यातून धड चालताही येईना. शेवटी तो मधोमध कापून नुसत्या पायांच्या दृश्यांसाठी वापरला आणि दुसरा थोडा हलका पोशाख केला. नाकाजिमा त्यातही काही मिनिटांपलीकडे टिकत नसत. पोशाखातून घाम अक्षरशः ओतून काढावा लागे. तरीही १९५४ ते १९७२ या काळात त्यांनी गॉडझिलाची भूमिका सोडली नाही.

गॉडझिलाच्या श्वासाने वितळणारे विजेचे मनोरे आठवून पाहा. ते मेणाचे केलेले होते. प्रखर दिवे आणि गरम हवा यांच्या झोतात ते खरोखरच वाकत, ओघळत खाली आले आणि कॅमेऱ्याने ते टिपले. आकाशातून दिसणारा समुद्र दाखवण्यासाठी त्सुबुराया आगर वापरत. आपण ज्याला चायनाग्रास म्हणतो आणि ज्याची खीर-पुडिंगे करतो, तेच. कारण साधे आहे. पाण्याचा थेंब प्रतिकृतीच्या मापाने लहान होत नाही, त्यामुळे टाकीतले खरे पाणी लगेच टाकीतले पाणी म्हणून ओळखू येते. थिजवलेल्या आगराचा पृष्ठभाग मात्र उंचावरून पाहिलेल्या लाटांसारखा स्थिर दिसतो. अशी दृश्ये एकदा समजली, की ती चौकट थांबवून पाहावीशी वाटते. संग्राहकाचे वेड सुरू होते ते याच थांबण्यापासून.

पोशाखातला माणूस हास्यास्पद वाटत नाही का?

हा आक्षेप सर्वांत आधी येतो आणि तो खोटा नाही. काही चित्रपटांत पोशाखाची शिवण दिसते, विमानाची तार चमकते. पण दशावतारात संकासुर काळा बुरखा आणि लांब लाल जीभ लावून येतो, तेव्हा तो हाडामांसाचा राक्षस आहे असे कोणी समजत नाही, आणि तरीही समोरच्या पोराची बोबडी वळते. प्रेक्षक आणि नट यांच्यात एक करार असतो. जपानी प्रेक्षकही बुनराकु बाहुलीनाट्यात बाहुली हलवणारे कलाकार समोर दिसत असताना बाहुलीच्या दुःखाने रडतो. तोकुसात्सु त्याच मातीत उगवले आहे. खऱ्यासारखे दिसणे हे त्याचे एकमेव उद्दिष्ट नव्हते. एक भव्य दृश्य हाताने रचणे हेही उद्दिष्ट होते.

दुसरे असे, की संगणकाने केलेल्या दृश्यात चूक राहिली, तर ती दुरुस्त करता येते. येथे मात्र महिनोन् महिने खपून केलेली इमारत एकदाच कोसळणार असते. ती फसली, तर पुन्हा बांधायची. म्हणून प्रत्येक यशस्वी चौकट म्हणजे त्या दिवशी, त्या खोलीत खरोखर घडलेल्या एका घटनेची नोंद असते. माझ्या मते संग्राहकांना खेचून घेणारी गोष्ट हीच आहे, राक्षस त्यानंतर येतात.

एकाच चित्रपटाच्या इतक्या आवृत्त्या कशा?

‘दुर्मिळ’ या शब्दाचा अर्थ येथे नीट पाहायला हवा. चित्रपटाचे नाव सर्वांना ठाऊक असते. दुर्मिळ असते ती त्याची विशिष्ट आवृत्ती. गोधडीची उपमा घेऊ. मूळ लुगडे एकच, पण कोणी त्याचे काठ काढले, कोणी मधे दुसरे कापड जोडले, आणि आज मूळ लुगडे कसे होते, हे सांगायला तुकडे जुळवावे लागतात.

‘गोजिरा’ मूळचा ९६ मिनिटांचा. १९५६मध्ये अमेरिकेत त्याची ८० मिनिटांची आवृत्ती निघाली. तिच्यात मूळ चित्रपटातला बराच भाग गाळून रेमंड बर या नटाने रंगवलेल्या अमेरिकी पत्रकाराची नवी दृश्ये घातली होती, आणि अणुचाचण्यांविषयीचा रोष बोथट झाला होता. जपानबाहेरच्या बहुसंख्य प्रेक्षकांनी अनेक दशके हीच आवृत्ती पाहिली. मूळ जपानी चित्रपट अमेरिकी चित्रगृहांत रीतसर व्यापक प्रमाणात पोचायला २००४ साल उजाडावे लागले.

याहून चटका लावणारी गोष्ट १९६२च्या ‘किंग काँग विरुद्ध गॉडझिला’ची. पहिल्याच प्रदर्शनात या चित्रपटाची एक कोटीहून अधिक तिकिटे खपली. १९७०मध्ये तोहोने मुलांच्या सुट्टीतल्या खेळांसाठी तो पुन्हा लावायचे ठरवले आणि ९७ मिनिटांचा चित्रपट ७४ मिनिटांवर आणला. कात्री चालली ती थेट मूळ निगेटिव्हवर. निगेटिव्ह म्हणजे ज्यावरून पुढच्या सगळ्या प्रती छापल्या जातात ती पहिली फिल्म. छायाचित्राची मूळ निगेटिव्हच कापली आणि अल्बममधला फोटो तेवढा उरला, असे हे झाले. पुढची अनेक वर्षे कापलेला भाग कमी प्रतीच्या फिल्मवरून जोडावा लागत असे आणि पाहताना मधेच चित्र मळकट होई. अखेर तोहोच्या साठ्यातून हरवलेली मूळ रिळे हाती लागली आणि २०१६मध्ये संपूर्ण चित्रपट नव्या स्वच्छ रूपात लोकांसमोर आला. त्याआधीच्या चाळीसहून अधिक वर्षांत ज्याच्याकडे जुनी, अखंड आवृत्ती होती, त्याला तिचे मोल का वाटत होते, हे आता वेगळे सांगायला नको.

(याच चित्रपटाबद्दल एक अफवा अजूनही फिरते, की जपानी आवृत्तीत गॉडझिला जिंकतो आणि अमेरिकी आवृत्तीत काँग. तसे काही नाही. दोन्हीकडे शेवट सारखाच आहे.)

दाखवायचेच नाहीत असे चित्रपट

काही चित्रपट दुर्मिळ आहेत, कारण मालकांनीच ते बाजूला ठेवले. होंडा आणि त्सुबुराया यांचा १९५५चा हिममानवावरील चित्रपट तोहोने आजवर घरगुती माध्यमांवर आणलेला नाही. त्यात डोंगरात एकाकी राहणाऱ्या वस्तीचे जे चित्रण आहे, ते बुराकुमिन समाजाचा अपमान करणारे ठरेल, असे मानले गेले. बुराकुमिन म्हणजे जपानमध्ये पिढ्यान् पिढ्या अस्पृश्यतेसारखा भेदभाव सोसलेला समाज. १९७४च्या नॉस्त्रादामसच्या भाकितांवरील चित्रपटात किरणोत्साराने विद्रूप झालेली माणसे दाखवली होती. अणुबॉम्बपीडितांच्या बाजूने निषेध झाल्यावर तोही मागे घेतला गेला.

येथे संग्राहकांपैकी काही जण ‘सेन्सॉरशिप’ म्हणून हाकाटी करतात. मला ते पटत नाही. जातीचा डंख काय असतो, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला जपानी उदाहरणावरून शिकावे लागत नाही. दुखावल्या गेलेल्या माणसांचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे. पण चित्रपट कुलुपात ठेवल्याने ते चित्रण नाहीसे होत नाही. त्याच्या प्रतींच्या प्रती, प्रत्येक वेळी अधिक धूसर होत, हातोहात फिरत राहतात आणि त्यासोबत इतिहास सांगणारे एक अक्षरही नसते. सुरुवातीला स्पष्ट निवेदन जोडून तो अभ्यासासाठी खुला करणे अधिक प्रामाणिक ठरेल, असे मला वाटते.

काही वेळा दुर्मिळतेचे कारण नुसती दिवाळखोरी असते. गामेरा या उडत्या कासवाला १९६५मध्ये आणि दाइमाजिन या दगडी देवतेला १९६६मध्ये पडद्यावर आणणारी दाइएइ ही संस्था १९७१मध्ये बुडाली. याच संस्थेच्या १९४९ सालच्या अदृश्य माणसावरील चित्रपटाला त्सुबुराया यांच्या करामती लाभल्या होत्या, पण जपानबाहेरच्या रसिकांना तो रीतसर डिस्कवर मिळाला २०२१मध्ये, म्हणजे ७२ वर्षांनी. दाइएइचा उंदरांच्या झुंडीवरचा एक चित्रपट तर पूर्णच झाला नाही. त्यासाठी जिवंत उंदीर आणले होते. त्यांच्या पिसवांनी स्टुडिओत आरोग्याचा प्रश्न उभा केला आणि काम थांबवावे लागले.

मग संग्राहक नेमके काय जमवतात?

पोशाख आणि प्रतिकृती फारशा उरलेल्याच नाहीत. प्रतिकृती मोडण्यासाठीच बांधल्या जात आणि पोशाखांचे रबर काही वर्षांत चिरते, चुरते. शिवाय टिकाऊ पोशाख पुन्हा पुन्हा वापरला जाई. १९६५मध्ये बारागॉन या राक्षसासाठी केलेला पोशाख पुढे त्सुबुराया यांच्या दूरदर्शन मालिकांसाठी डोके, शिंगे, कल्ले बदलत चार निराळ्या राक्षसांसाठी कामी आला. एका शालूची परकर-पोलकी व्हावीत, तसा.

म्हणून हाती लागतात ती कागदपत्रे आणि फिल्म. जपानी चित्रगृहांत चित्रपटासोबत छापील पुस्तिका विकली जाते. आपल्याकडे थेटराबाहेर गाण्यांची पुस्तके मिळत, त्याचीच ही सजलेली बहीण. तिच्यात चित्रीकरणाची छायाचित्रे असतात, जी पुढे कोठेच छापली गेली नाहीत अशीही. त्यानंतर पोस्टर. आणि मग १६ मिलिमीटरची फिल्म, जी अमेरिकेत दूरचित्रवाणीसाठी आणि भाड्याने देण्यासाठी छापली जाई.

अशी फिल्म हातात घेऊन उजेडासमोर धरली, तर रंगीत चित्रपटाचे आकाश, समुद्र आणि माणसांचे चेहरे सगळे गुलाबी दिसतात. त्या काळच्या रंगीत फिल्ममधले निळे-हिरवे रंगद्रव्य सर्वांत आधी उडते आणि लालसर तेवढे उरते. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला, तर फिल्मचा पाया कुजू लागला आहे असे समजावे. हा वास म्हणजे अ‍ॅसिटिक आम्लाचा, आणि एक नासका आंबा आढी नासवतो, तशी ती फिल्म शेजारच्या डब्यांनाही बाधा करते. कोडॅकच्या फिल्मच्या कडेला चौकोन, त्रिकोण, वर्तुळ अशी बारीक चिन्हे असतात. त्यांवरून ती फिल्म कोणत्या वर्षी बनली, हे ओळखता येते. ती चिन्हे दर वीस वर्षांनी पुन्हा येतात, त्यामुळे १९५६ की १९७६ हे ठरवायला इतर खुणाही पाहाव्या लागतात. अनुभवी संग्राहक खरेदीपूर्वी या कडेचे छायाचित्र मागतो ते यासाठीच.

आता सगळे इंटरनेटवर मिळते, मग हा खटाटोप कशाला?

बरेचसे मिळते, आणि ती आनंदाचीच गोष्ट आहे. १९५४ ते १९७५ या काळातले गॉडझिलाचे पंधराही चित्रपट २०१९मध्ये एका संचात निघाले. पण नवी प्रत म्हणजे जुनीच प्रत धुऊन पुसून ठेवलेली, असे नसते. प्रत्येक नव्या आवृत्तीत कोणीतरी निर्णय घेतलेले असतात. रात्रीचे दृश्य किती निळे ठेवायचे? फिल्मचा रवाळपणा ठेवायचा की घासून काढायचा? विमानाला बांधलेली तार दिसू द्यायची की संगणकाने पुसायची?

तारेच्या प्रश्नावर माझे मत ठाम आहे. ती पुसू नये. त्सुबुराया यांच्या चमूने तारा लपवण्यासाठी काय काय केले, हे कळले, की ती तार चूक वाटेनाशी होते. कधी ते विमान उलटे टांगत आणि कॅमेराही उलटा धरत, कारण प्रेक्षक तार शोधतो ती विमानाच्या वर; खाली कोणी पाहत नाही. ती युक्ती जेथे साधली आणि जेथे फसली, दोन्ही पाहायला मिळाले, तरच त्या माणसांचे काम कळते. १९८० आणि १९९०च्या दशकांतल्या जपानी लेझरडिस्क, म्हणजे ग्रामोफोनच्या तबकडीएवढ्या चकत्या, म्हणूनच अजून शोधल्या जातात. त्यांचे चित्र आजच्या तुलनेत मऊ आहे, पण त्यात त्या काळचे रंग, त्या काळचा ध्वनी आणि काही वेळा नंतर कोठेच न आलेली पूरक दृश्ये आहेत.

हा नुसता पैशाचा खेळ नाही का?

काही प्रमाणात आहे. पोस्टरच्या किमती फुगतात, पुनर्मुद्रित पोस्टर मूळ म्हणून विकले जाते, आणि केवळ गुंतवणूक म्हणून डबाबंद ठेवणारेही आहेत. नव्याने या छंदात येणाऱ्याने पोस्टरपासून नव्हे, तर पुस्तिकांपासून सुरुवात करावी, असे मी सुचवीन. त्या तुलनेने स्वस्त असतात, बनावटीचा धोका कमी असतो आणि वाचायला खूप काही असते.

परंतु संग्राहकांना सरसकट हावरे म्हणण्याआधी आपल्याकडे पाहावे. दादासाहेब फाळके यांच्या १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच आज शिल्लक आहे. फाळके स्वतः युक्तिदृश्यांचे जाणकार होते, आणि त्यांच्या कामाचा मोठा हिस्सा आता फक्त वर्णनांतून उरला आहे. पुण्यात १९६४मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले म्हणून पुष्कळ वाचले. तरीही जानेवारी २००३मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मची असंख्य रिळे जळून गेली. संस्था हव्यातच. पण ज्या चित्रपटाची दुसरी प्रत दूर कोणाच्या तरी कपाटात असते, त्याच्या बाबतीत एका आगीने सगळे संपत नाही.

जपानमध्ये हे भान उशिरा आले. हिदेआकी आन्नो आणि शिंजी हिगुची या, तोकुसात्सु पाहत वाढलेल्या दिग्दर्शकांनी २०१२मध्ये टोकियोच्या समकालीन कला संग्रहालयात उरलेल्या प्रतिकृती, चित्रे आणि पोशाख यांचे प्रदर्शन मांडले. तेथून पुढे जतनाची चळवळ उभी राहिली आणि ३ नोव्हेंबर २०२० रोजी, म्हणजे ‘गोजिरा’च्या प्रदर्शनाच्या तारखेलाच, त्सुबुराया यांच्या सुकागावा गावात तोकुसात्सु अभिलेख केंद्र सुरू झाले. मोडण्यासाठी बांधलेल्या आणि चुकून वाचलेल्या इमारती, विमाने, जहाजे आता तेथे फडताळांवर ठेवलेली आहेत.